बलस्थाने दोन, उणिवा सात

लोकांना वाटतं, भुताखेतांची पुस्तकं कुणीतरी लिहितं आणि कुणीतरी छापतं. या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस बसलेला असतो हे कुणाच्या गावीही नसतं. एकतीस वर्षं तो माणूस मी होते. मुंबईच्या एका प्रकाशकाकडे भयकादंबऱ्यांची जी हस्तलिखितं येत, ती आधी मी वाचायची आणि छापण्याच्या लायकीची आहेत की नाहीत ते सांगायचं, एवढंच माझं काम. या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "तुम्हाला भीती वाटायची का हो?" भीती नाही वाटली. कंटाळा खूप आला, हसू पुष्कळदा आलं, आणि एकदा माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली. ती सांगता येईल म्हणूनच मी लिहायला हो म्हटलं. आधीचं सगळं प्रास्ताविक समजा.

आमची पुस्तकं तुम्ही पाहिली असतील, घेतली नसतील. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर चिमट्यांनी लटकलेली असायची. मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची बाई, मागे चंद्र, कोपऱ्यात एक हात. कागद असा की एका पानावर चहा सांडला की पुढची पाच ओली. पण ती खपायची, आणि ती निवडणारं कुणीतरी लागायचं.

निवडायची पद्धत मालकांनीच घालून दिलेली होती. एक छापील तक्ता असे. मधोमध उभी रेघ, डावीकडे 'बलस्थाने', उजवीकडे 'उणिवा'. खाली तीन पर्याय: छापावे, छापू नये, सुधारून पाठवावे. परीक्षकाचं नाव लेखकाला कधीही कळता कामा नये, हा नियम. तक्त्याच्या डोक्यावर माझी सही असायची, ती पट्टी कात्रीने कापून उरलेला कागद मालक लेखकाला पाठवत. हा नियम उगाच नव्हता. मी नव्याने लागले तेव्हा एका नाकारलेल्या लेखकाने कचेरीत टाचण्या टोचलेलं लिंबू पाठवलं होतं. मालकांनी टाचण्या काढून घेतल्या, लिंबाचं सरबत केलं आणि आम्हा सगळ्यांना पाजलं. पण नियम मात्र त्या दिवसापासून कडक झाला.

लेखक एकेक नमुने असत. एक निवृत्त तलाठी होते. त्यांच्या कादंबरीत भुताला 'सदरहू मयत इसम' म्हटलेलं असे, आणि प्रत्येक झपाटण्यानंतर रीतसर पंचनामा. झपाटलेल्या घराच्या चतुःसीमा पूर्वेकडून सुरू करून दिलेल्या. मी उणिवांत लिहिलं, 'भुताच्या तोंडी परिपत्रकाची भाषा आहे.' त्यांचं उत्तर आलं की भूत हयातीत सर्कल इन्स्पेक्टर होतं, दुसरी कुठली भाषा बोलेल? मला ते पटलं आणि कादंबरी छापली. एक होमिओपॅथ डॉक्टर होते, त्यांच्या प्रत्येक पुस्तकात शेवटी चेटकीण साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी बरी व्हायची आणि गावात अंगणवाडी चालवायची. ती मात्र आम्ही छापली नाहीत. आता वाटतं, एखादी छापायला हरकत नव्हती.

पण सगळ्यांत अवघड जायचा तो रक्तपिपासू, ज्याला हल्ली सगळे व्हॅम्पायर म्हणतात. तो आपल्याकडचा नाही. त्याच्या कथेत शवपेटी लागते आणि आपण माणसं जाळतो, मग बिचाऱ्याने दिवसा झोपावं कुठे? त्याला लसूण चालत नाही. आमच्या डहाणू-तलासरी भागात तर लसणाच्या चटणीशिवाय भाकरीचा तुकडा मोडत नाहीत, म्हणजे हा पहिल्याच प्रकरणात उंबऱ्यावर गतप्राण. उन्हाचा त्रास म्हणावा तर एप्रिलमधलं आमचं ऊन जिवंत माणसालाच सोसत नाही. लेखक या अडचणी ओलांडायला काय करत, तर कुठल्यातरी ओसाड बंगल्यात इंग्रज साहेबाची कबर खणायचे. दर तीन हस्तलिखितांत एक साहेब असे.

तरी त्याचं एक बळ आहे, आणि ते मी नव्या लेखकांना नेहमी कळवायची. हडळ सूड घेते, खवीस आडवा येतो, मुंजा आपल्या पिंपळावर बसून असतो. यांचं माणसांशी जे काही आहे ते जुनं देणंघेणं. रक्तपिपासूला मात्र रोज नवं माणूस लागतं. त्याला माणसांची गरज असते आणि माणसांना त्याची नसते. कादंबरी यावर उभी राहू शकते. बाकी दात, झगा, वटवाघूळ हे सगळं बाजारातून आणलेलं सामान.

आईचं आजारपण वाढलं तेव्हा मी मुंबईची खोली सोडून डहाणूला मसोलीत राहायला आले. हस्तलिखितं कुरिअरने येऊ लागली. दोन हजार चौदाच्या श्रावणात आई गेली. परत जायचं काही कारण उरलं नव्हतं आणि इथे राहायचंही काही नव्हतं, तेव्हा राहिले. लग्न केलं नव्हतं. कुरिअरवाला आठवड्यातून एकदा यायचा, तो सही घेऊन जिना उतरला की पुढचा माणूस थेट पुढच्या आठवड्यात. बोलायची सवय मोडते म्हणजे काय होतं, ते मला त्या वर्षी कळलं. भाजीवालीने काही विचारलं तर पहिला शब्द घोगरा यायचा, म्हणून मी घरातून निघायच्या आधी एकदा खाकरून घ्यायची.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात एक जाडजूड पुडकं आलं. कादंबरीचं नाव 'दुपारचा पाहुणा'. हाताने लिहिलेली, कागदाच्या एकाच बाजूला, अक्षर गोल. लेखक कोण ते मला कळवत नसत, पण दुसऱ्या पानावर अच्छाडचा नाका आला आणि मी सावरून बसले. आमच्या तालुक्याशेजारचंच ठिकाण, गुजरातच्या हद्दीवरचं. ट्रक, ढाबे, पंक्चरवाले, काट्यावर वजनासाठी लागलेल्या गाड्या.

गोष्ट अशी होती. एक माणूस एका ट्रकमधून अच्छाडला उतरतो. नाक्यावर रोज शेकडो माणसं उतरतात, तेव्हा कुणी काही विचारत नाही. तो रक्तपिपासू आहे. पण तो रात्री काही करत नाही, कारण रात्री माणसं सावध असतात. तो दुपारी हिंडतो. ट्रकच्या सावलीत, चाकांमधे पथारी टाकून झोपलेल्या ड्रायव्हरांचं थोडंसं रक्त पितो. कुणी मरत नाही. उठल्यावर जरा चक्कर येते, चहा पितात, गाडी काढतात. वजनकाट्यावरच्या माणसाला मात्र संशय येतो. तो त्याच गाड्या पुन्हा पुन्हा काट्यावर घेतो आणि आकड्याकडे बघत बसतो. आकडा तोच येतो. काट्यावर दहा-दहा किलोंनीच वजन पुढे सरकतं, शेवटचा आकडा नेहमी शून्य.

मग मधली चाळीस पानं. रक्तपिपासूला बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरता येत नाही, हा त्या जातीच्या गोष्टींतला जुना नियम. या लेखकाने तो नियम घेतला आणि आपल्या गावात आणला. आपल्याकडे कुणी जेवत बसलेलं असलं आणि दारावरून माणूस गेला, तर 'या जेवायला' म्हणायची रीत आहे. ओळखीचा असो, अनोळखी असो. म्हणजे या रक्तपिपासूला प्रत्येक दारातून बोलावणं आहे. आणि तो काय करतो? रीतीप्रमाणे 'होऊ द्या' म्हणतो आणि पुढे जातो. आशागडला, डहाणूत, वरोरसारख्या किनाऱ्याच्या गावांत, भर दुपारी, दारादारांवरून. आतून ताटवाट्यांचे आवाज येतात. चाळीस पानं तो कुणालाही शिवत नाही.

ती पानं मी जेवता जेवता वाचत होते. दुपारचे साडेबारा वाजले होते, समोर एक ताट. मी हस्तलिखित मिटलं आणि मला राग आला. इतका की हात धुतानाही पुटपुटत होते. कादंबरी वाईट आहे म्हणून आलेला राग तो नव्हता. आई गेल्यापासून माझ्या दारावरून जाणाऱ्याला मी तरी 'या जेवायला' कधी म्हटलं होतं, आणि कुणाच्या दारावरून मी गेले होते? ते मला सोसलं नाही. परीक्षकाला जे सोसत नाही ते त्याला उणीव म्हणून लिहिता येतं, ही आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी सोय. मी त्याच दुपारी तक्ता भरला.

बलस्थाने दोन. अक्षर सुवाच्य. परिसराची माहिती चांगली.

उणिवा सात. नव्वदाव्या पानापर्यंत एकही खून नाही. नायिका नाही. मांत्रिक किंवा तज्ज्ञ व्यक्ती नाही. काट्यावर दहा किलोंच्या आतलं वजन दिसत नाही असं लेखकच सांगतो, मग पुन्हा पुन्हा वजन करण्याचे प्रसंग निरर्थक. प्रत्येक घरातून बोलावणं असूनही रक्तपिपासू एका घराव्यतिरिक्त कुठेही आत शिरत नाही, हे तर्काला सोडून. वरोरच्या म्हातारीच्या प्रसंगाचा कथानकाशी संबंध नाही, गाळावा. शेवटी रक्तपिपासू मरत नाही. खाली 'सुधारून पाठवावे'वर खूण केली, कारण 'छापू नये'वर करायला हात धजला नाही. सही ठोकली आणि पाठवून दिलं. मालक खूश झाले. म्हणाले, "ताई, बऱ्याच दिवसांनी धार दिसली तुमची."

साडेतीन वर्षं गेली. जीएसटी आला, नाक्यावरच्या रांगा ओसरल्या असं पेपरात वाचलं. आमची पुस्तकंही ओसरली. दोरीवर आता चिप्सची पाकिटं लटकू लागली होती. मालकांनी सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात सहा पुस्तकांचा एक शेवटचा संच काढायचा आणि दुकान आवरायचं. आणि त्या संचासाठी आलेल्या हस्तलिखितांत एक टाइप केलेलं बाड होतं, 'सीमेवरचा रक्तपिपासू'. वर लेखकाचं पत्र चुकून तसंच राहिलं होतं.

पत्र सरकारी खुलाशासारखं. 'उणीव क्र. १ दूर केली आहे, पान १२ पाहावे. उणीव क्र. २, डॉ. मोहिनी हे पात्र घातले आहे, पान १९ पाहावे. उणीव क्र. ४, आता ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा जर्मन काटा घेतला आहे, पान ३१ पाहावे.' असं सातपर्यंत. प्रत्येक ओळ विनयाने लिहिलेली, आणि शेवटी 'परीक्षकांनी इतके बारकाईने वाचल्याबद्दल आभारी आहे.'

मी पानं उलटत गेले. बाराव्या पानावर खून होता. चिकूच्या वाडीत ओसाड बंगला होता, बंगल्यात इंग्रज साहेब होता, मांत्रिक होता, लसूण होता. शेवटी छातीत खुंटी. मी सांगितलेल्या सगळ्या उणिवा गेल्या होत्या आणि कादंबरी इतर सगळ्यांसारखी झाली होती. छापायला एकदम योग्य. दुपार कुठेच नव्हती.

वरोरच्या म्हातारीसाठी मी दोनदा सबंध बाड चाळलं. पहिल्या खर्ड्यात ती होती. ओट्यावर सुके बोंबील निवडून झाल्यावर जेवायला बसलेली, एकटी. तो दारावरून जातो. ती म्हणते, 'ये जेवाया.' तो म्हणतो, 'होऊ द्या.' आणि ती पुन्हा म्हणते, 'ये ना.' आता, पहिलं बोलावणं रीतीचं असतं आणि दुसरं मनापासूनचं, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. दुसऱ्यांदा कुणी म्हटलं की नाही म्हणता येत नाही. तो आत जातो. ती त्याला भात आणि बोंबलाचं कालवण वाढते, लसूण ठेचून घातलेलं. त्याला ते पचणार नाही, घशात जाळ होणार, हे त्याला माहीत आहे. तो सगळं जेवतो. ती त्याच्याकडे बघत काहीतरी म्हणते. ते प्रकरण तिथे संपत होतं. आणि हे मी 'गाळावा' असं लिहिलं होतं.

एकतीस वर्षांत नियम मोडला नव्हता, तो मोडला. पत्रावर पत्ता होता, अच्छाडच्या एका वजनकाट्याचा. जानेवारी एकोणीसमधे एका सकाळी आशागडवरून चारोटीला गेले, तिथून तलासरी, तिथून इको गाडीत आठ जणांत नववी होऊन अच्छाडला. काय सांगायचं ते वाटेत ठरवत होते. दोनच गोष्टी सांगता येण्यासारख्या होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. तुमचं नवं पुस्तक छापून येईल, ही एक. तुमचं पहिलं पुस्तक चांगलं होतं आणि मी तुम्हाला ते मोडायला लावलं, ही दुसरी. दुसरी सांगितली तर ते पहिलं पुन्हा लिहायला बसतील, आणि तोवर आमचं दुकान बंद झालेलं असेल.

काटा हमरस्त्याच्या कडेला होता. लोखंडी फलाट, शेजारी खिडकीची केबिन, केबिनमधे लाल आकड्यांची पाटी. आत पन्नाशीचे एक गृहस्थ, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांचं नाव जयवंत. आडनाव देत नाही. त्यांनी देऊ दिलं असतं, पण एवढा तरी नियम पाळू द्या. मूळचे वरोरचे, मासेमारीच्या घरातले. होडी लागायची म्हणून जमिनीवरचं काम धरलेलं. एक गुजराती ड्रायव्हर खिडकीत वाकून "भाई, पावती आपो ने" म्हणत होता. त्याला पावती देऊन त्यांनी मला विचारलं, "गाडी कुठाय तुमची?"

मी म्हटलं, "गाडी नाही. तुमच्या कादंबरीच्या उणिवा लिहिणारी ती मीच."

ते उभे राहिले. एकुलती खुर्ची फडक्याने पुसून मला दिली आणि स्वतः पेटीवर बसले. मग म्हणाले, "तुम्ही लेडीज असाल असं वाटलं नव्हतं."

"का?"

"कडक लिहिलं होतं ना."

ड्रॉवर उघडून त्यांनी माझा तक्ता काढला. डोक्यावरची पट्टी कापलेला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती, तीही पिवळी पडली होती. मला तिकडे बघवेना. मी विचारलं, पहिला खर्डा कुठे आहे?

"त्याच पानांच्या मागे नवीन लिहिलं, ताई. कागद कोरे होते मागून. मंग तलासरीला टाइपवाल्याकडे दिले. त्याने दुकान हलवलं, त्यात गेले. दुसरी कॉपी नाय केली मी."

म्हणजे संपलंच. मी जे सांगायचं ते सगळं सांगून टाकलं, पहिली गोष्टही आणि दुसरीही. माझं चुकलं, असंही म्हटलं. ते ऐकत होते आणि मधे मधे खिडकीतून गाड्या घेत होते. माझं बोलणं दोनदा अर्धं राहिलं. शेवटी ते म्हणाले, "ते वजनाचं तरी तुम्हाला कळायला पायजे होतं."

"काय?"

"काटा दहा किलोच्या आतलं दाखवतच नाय. म्हणून तर तो इथे आला. दुसरीकडे कुठे पण गेला असता. इथे माणसातून थोडं थोडं गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाय. तो काटेवाला बघत बसतो ते त्याच्यासाठीच." मग त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "मी तसं उघड लिहिलं नव्हतं. मला वाटलं वाचणाऱ्याला कळंल."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना पहिलं चांगलं होतं? मग माझं ऐकलंत कशाला?"

"दुसऱ्या कुणी वाचलंच नव्हतं ना, ताई," ते म्हणाले. "बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. पोरगी उमरगावला दिली, तिला वेळ नाय. भाऊ म्हणतो, छापून आलं की वाचीन. एवढं सगळं वाचणारं एकच माणूस भेटलं. त्याचं नाय ऐकायचं तर कुणाचं?"

 तोवर एक वाजला होता. त्यांनी डबा उघडला, झाकणावर भात काढला आणि म्हणाले, "या जेवायला." मी म्हटलं, "होऊ द्या." तोंडून गेलंच ते, वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी मान वर केली, पुढे काही म्हणणार तोच खाली दोन ट्रकांचे हॉर्न वाजले आणि ते उठून गेले. परत आले तेव्हा मी पर्स घेऊन उभी होते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी बसले असते. मला खूप भूक लागली होती.

दारात मी म्हटलं, "तुम्ही पहिलं परत लिहा. मी दुसरा प्रकाशक शोधते."

"हे छापतील ना?"

"छापतील. मी लिहिलं तर नक्की."

"मंग छापू द्या. गावात चार वर्षं सांगतोय, माझं पुस्तक येणाराय. आता लोक विचारायचे पण बंद झाले." मग ते म्हणाले, "आणि परत तसं लिहायला मी तसा पायजे, ताई. तेव्हा मला म्हायती नव्हतं कुणी वाचणाराय."

घरी येऊन मी तक्ता भरला. बलस्थाने सात लिहिली, एकूण एक खोटी. उणिवांचा रकाना कारकिर्दीत पहिल्यांदाच कोरा सोडला. मालकांचा फोन आला, "ताई, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, छापा. मे महिन्यात पुस्तक आलं. मुखपृष्ठावर मोकळ्या केसांची बाई होती, जिचा आतल्या डॉ. मोहिनीशीही काही संबंध नाही. त्या संचाबरोबर माझं कामही संपलं. मालकांनी शाल दिली आणि उरलेले कोरे तक्ते रद्दीत घातले.

गणपतीच्या आधी जयवंतभाऊंचा फोन आला. आवाज वेगळाच, हलका. "ताई, भावाने वाचलं. दोन दिवसांत संपवलं. म्हणतो, जाम भारी लिहिलंयस. आता वरोरला एकाकडून दुसऱ्याकडे फिरतंय, मला माझीच कॉपी मिळत नाय."

मी म्हटलं, चांगलंच आहे पुस्तक. खरोखरच आनंद झाला होता मला, आणि तरी फोन ठेवावासा वाटेना. गेले कित्येक दिवस मी मनातल्या मनात ती चाळीस पानं पुन्हा जुळवायचा प्रयत्न करत होते. ती वाचलेली मी एकटी, आणि माझ्याकडेही आता प्रसंग उरले होते, वाक्यं जवळजवळ नव्हतीच. जी होती ती माझ्याच भाषेत होती. त्यांची याहून साधी होती.

मी विचारलं, "जयवंतभाऊ, तो जेवताना ती म्हातारी त्याच्याकडे बघून काय म्हणते?"

"कुठली म्हातारी?"

"वरोरची. बोंबील निवडणारी. लसणाचं कालवण वाढते ती."

 मागे गाड्यांचा आवाज येत होता. "नाय आठवत, ताई," ते म्हणाले. "मीच लिहिलेलं, पण नाय आठवत. तुम्ही वाचलेलं ना?"

"वाचलं होतं."

"मंग?"

"मलाही आठवत नाही."

"एकदम बारकं वाक्य होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. चार शब्दांचं असेल. एवढंच आम्हा दोघांना आठवतं.